फोन कुणाच्या खिशात?

गरोदर बाईसाठी दीड मिनिटाचा निरोप रेकॉर्ड करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. माहिती बिनचूक हवी, वाक्यं छोटी हवीत, आवाजात माया हवी. हे सगळं बंद खोलीत बसून जमवता येतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. तो निरोप तिच्याच कानावर पडला पाहिजे, तिला दोन घटका उसंत असेल तेव्हा पडला पाहिजे, आणि तिला जो महिना चालू आहे त्याच महिन्याचा असला पाहिजे. मोबाइलमधून माता-बालकांचं आरोग्य सुधारण्याबद्दल बोलताना लोक तंत्रज्ञानाबद्दल भरभरून बोलतात. अशा निरोपांच्या मराठी संहितांवर काम करताना मी जे पाहिलं, आणि नोंदणी करणाऱ्या, फोन लावणाऱ्या बायकांकडून जे ऐकलं, त्यात मात्र घरच जास्त होतं. नळाला पाणी येण्याची वेळ, नवऱ्याची रात्रपाळी, सासूची परवानगी, माहेरची वाट.

मुंबईपासून सुरुवात करते. डॉ. अपर्णा हेगडे सायन रुग्णालयात निवासी डॉक्टर होत्या, तेव्हा वेळेत उपचार मिळाले असते तर टळले असते असे मृत्यू त्यांनी जवळून पाहिले. २००८ मध्ये त्यांनी ‘अरमान’ ही संस्था काढली आणि २०१४ मध्ये तिचा ‘एममित्र’ हा उपक्रम सुरू झाला. नाव नोंदवलेल्या बाईला फोन येतो, तिच्या भाषेत कुणीतरी तिच्याशी बोलतं, आणि याचे पैसे लागत नाहीत. गरोदरपणात आठवड्यातून दोनदा, बाळंतपणानंतर पहिले सात दिवस रोज, बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत पुन्हा आठवड्यातून दोनदा, आणि मग पहिल्या वाढदिवसापर्यंत आठवड्यातून एकदा. सगळे मिळून १४५ निरोप. केंद्र सरकारची ‘किलकारी’ ही याच घराण्यातली, पण पसाऱ्याने कितीतरी मोठी. केंद्राची योजना म्हणून ती जानेवारी २०१६ मध्ये काही राज्यांत सुरू झाली. तिच्यात चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक असे ७२ निरोप आहेत. मराठी घरांत ती रीतसर पोचली २०२४ मध्ये, महाराष्ट्र आणि गुजरात या सेवेत आले तेव्हा.

लिहिलेला संदेश न पाठवता बोललेला का पाठवायचा, याचं उत्तर उघड आहे. जिला वाचता येत नाही तिलाही ऐकता येतं. पण ‘ऐकता येतं’ म्हणताना फोन तिच्या हातात आहे असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच गाडी अडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनी सांगितलं की त्या स्वतः वापरतात असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. मध्य प्रदेशात हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली होतं. म्हणजे घरोघरी फोन पोचला, पण घरातल्या जवळजवळ निम्म्या बायकांपर्यंत तो तेव्हाही यायचा होता.

नोंदणीच्या टेबलावर हे रोज दिसतं. प्रसूतिगृहात नाव घालायला आलेल्या बायकांची रांग असते. हातात केसपेपर, काखेत मोठं मूल, सोबत सासू किंवा शेजारीण. ‘ताई, फोन नंबर सांगा’ म्हटलं की बरेचदा शांतता पसरते. स्वतःचा नंबर तिला पाठ नसतो, कारण स्वतःला फोन लावायची वेळच तिच्यावर कधी येत नाही. कुणी पिशवीतून चिठ्ठी काढते, कुणी सासूकडे बघते, कुणी नवऱ्याचा नंबर सांगते. म्हणून हुशार नोंदणीताई नंबर लिहून घेतल्यावर तिथल्या तिथे त्यावर मिस्ड कॉल देते. पिशवीत फोन वाजला तर उत्तम. लांब कुठल्यातरी कारखान्यात वाजला आणि ‘कौन बोल रहा है?’ असा आवाज आला, तर तशी नोंद करून ठेवायची.

मग वेळेचा प्रश्न. हा प्रश्न मला या सगळ्या रचनेतला सर्वांत शहाणा प्रश्न वाटतो. फोन कधी यावा, हे त्या बाईनेच सांगायचं. उत्तरं ऐकत बसलं तर अर्ध्या मुंबईचं दिवसाचं वेळापत्रक कळतं. सकाळी नको, तेव्हा पाणी भरायचं असतं. दुपारी दोननंतर चालेल, सासूबाई पडलेल्या असतात. रात्री आठनंतरच, कारण फोन ह्यांच्याजवळ असतो आणि हे तेव्हा घरी येतात. एकीने सांगितलं होतं, ‘मालिका संपल्यावर लावा, मालिका चालू असताना फोन उचलला तर सगळ्यांचं लक्ष जातं.’ ज्या बाईला आयुष्यात फारसं कुणी ‘तुम्हाला कधी सोयीचं?’ असं विचारलेलं नसतं, ती या प्रश्नावर क्षणभर गोंधळते आणि मग फार विचार करून उत्तर देते. ते पाहण्यासारखं असतं.

नवऱ्याच्या फोनचे किस्से तर कितीतरी. सुरुवातीला सगळ्यांना ही अडचणच वाटायची. निरोप बाईसाठी, ऐकणारा पुरुष. रेकॉर्ड केलेला आवाज बोलत राहतो आणि हा मधेच ‘हॅलो, हॅलो, कोण पाहिजे?’ करत राहतो. पण फोन लावणाऱ्या एका ताईने सांगितलेला प्रसंग मी विसरू शकत नाही. एक रिक्षावाला. निरोप त्याच्याच फोनवर यायचा, कारण घरात फोन तो एकच. तो स्टँडवर रांगेत उभा असताना ऐकायचा. एकदा या तायांच्या डेस्कवरून चौकशीचा फोन गेला तेव्हा त्यानेच उलट विचारलं, ‘मॅडम, लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही ना? ही रोज चहाबरोबरच घेत होती. मी बंद करायला लावलं.’ चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात जायचं तर नवरे बाहेर उभे राहतात, आशाताई घरी येते तेव्हा ते कामावर असतात. तेव्हा फोन त्याच्या खिशात असणं हे कधीकधी वरदानही ठरतं. तरी मला वाटतं, याच्यावर समाधान मानू नये. अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी जाणवली तर काय करायचं, हे सांगणारा निरोप तिच्याच कानी थेट पडायला हवा. मधल्या माणसाला काय महत्त्वाचं वाटेल यावर तो सोडून चालणार नाही.

आता बिहारकडे वळते, कारण ‘किलकारी’चा जन्म तिथला. बीबीसी मीडिया ॲक्शन ही संस्था तिथल्या सरकारबरोबर काम करत होती, आणि २०१२ मध्ये तिने आशा व अंगणवाडी सेविकांसाठी ‘मोबाइल कुंजी’ आणली. एका कडीत ओवलेली ४० चित्रकार्डं. प्रत्येक कार्डावर एक क्रमांक. आशाताई घरात बसून कार्ड दाखवायची, तो क्रमांक आपल्या साध्या फोनवर लावायची आणि फोन सासूच्या कानाला द्यायची. पलीकडून डॉक्टर अनिता बोलायच्या. या डॉक्टर अनिता म्हणजे एक कल्पित पात्र, पण कुणी त्यांना खोटं म्हणेल असं मला वाटत नाही. आशाताई गावचीच सून, तिचं म्हणणं सासू कशाला ऐकेल? तेच म्हणणं डॉक्टरीणबाईंच्या तोंडून आलं की वजन पडतं. आणि या देवघेवीत आशाताईचा मानही वाढतो, कारण डॉक्टरीणबाईंना फोन लावून देणारी तीच. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, वाचता येण्याची अट नाही. मला ही कल्पना आजच्या कित्येक ॲपपेक्षा सरस वाटते.

यामागे जी वाटाघाट झाली ती कुणाला दिसत नाही. सहा मोबाइल कंपन्यांनी एकच क्रमांक द्यावा, हे काही आपोआप होत नसतं. कार्डावर छापायला एकच क्रमांक लागतो. या कंपनीचं सिम असेल तर हा, त्या कंपनीचं असेल तर तो, असं आशाताईला सांगत बसलात तर खेळ तिथेच संपला. एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या कंपन्यांना एका टेबलावर बसवून ते करून घेतलं गेलं. अशा कामांचे सत्कार होत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

पुढच्याच वर्षी बिहारमध्ये ‘किलकारी’ सुरू झाली तेव्हा ती विकतची होती. दर कॉलला एक रुपया. आठवड्याला एक रुपया म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटेल. पण दहा-दहा रुपयांचं रिचार्ज मारणाऱ्या घरात फोनमध्ये बहुतेक वेळ पैसेच नसायचे. त्यात त्या काळी न मागता कॉलर ट्यून लागून पैसे कापले जाण्याचा अनुभव घरोघर होता, त्यामुळे अनोळखी सेवेला ‘हो’ म्हणायला लोक बिचकायचे. देशपातळीवर जाताना सरकारने ती फुकट केली, ते योग्यच झालं. याच्या उलट टोकाचं उदाहरण झांझिबारचं. तिथे २००९-१० मध्ये एक प्रयोग झाला. त्यात गरोदर बायकांना संदेश तर पाठवलेच, शिवाय सुईणीला किंवा दवाखान्याला फोन करता यावा म्हणून बोलण्यापुरतं रिचार्जही दिलं. प्रशिक्षित माणसाच्या हातून बाळंतपण होण्याचं प्रमाण त्या गटात ६० टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७. आपण बाईला सतत ऐकवतो. तिला उलट विचारता यावं याची सोय त्यांनी केली होती.

‘किलकारी’चा फोन येतो तो ०१२४ या कोडवरून, म्हणजे गुरुग्रामहून. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या घरात असा लांबचा अनोळखी नंबर वाजला की पहिला संशय फसवणुकीचा. ओटीपी मागणाऱ्यांनी सगळ्या देशाला अनोळखी नंबर न उचलायला शिकवलं आहे, आणि त्याची किंमत अशा सेवांना मोजावी लागते. यावर उपाय एकच, तो जुनाच. आशाताईने आधी सांगून ठेवायचं, ‘या नंबरवरून फोन येईल, उचला, माझ्याच कामाचा आहे.’ जिथे ती हे सांगते तिथे फोन उचलला जातो. पडद्यामागे कितीही यंत्रं असोत, त्यांची ओळख करून देणारी बाई गल्लीतलीच लागते.

मराठी घरांचा एक खास पेच आहे, तो म्हणजे माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा लागला की डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि मुलगी साताऱ्याला नाहीतर बीडला निघते. फोन राहतो मुंबईत, नवऱ्याच्या खिशात. आणि नेमके आठव्या-नवव्या महिन्याचे निरोप सर्वांत मोलाचे असतात. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर सूज येणं ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं. पिशवी फुटून पाणी गेलं तर कळा येण्याची वाट न बघता निघायचं. बाळाला पहिलं घट्ट पिवळं दूध, म्हणजे चीक, लगेच पाजायचा. मध, गुळाचं पाणी, घुटी काही चाटवायचं नाही. हे सगळं नवरा घाटकोपरच्या खोलीत ऐकतो आणि जिला ऐकायचं ती तीनशे किलोमीटरवर. फोन लावणाऱ्या ताया म्हणून सातव्या महिन्याच्या आसपास हमखास विचारतात, ‘माहेरी जाणार का? तिकडचा नंबर द्या.’ मग भावाचा नंबर येतो, कधी आईचा. आईचा नंबर मिळाला की सगळ्यांना आनंद होतो. कारण बाळंतिणीला काय खायला द्यायचं, बाळाला कधी न्हाऊ घालायचं, नाळेला काही लावायचं का, हे तिथे ठरवते ती आजी. ऐकायला तिच्याइतकं योग्य दुसरं कोण?

तारखेचाही घोळ असतो. सगळे निरोप एका तारखेला बांधलेले, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाला. ती विचारली की उत्तर येतं, ‘गणपती बसायच्या आधी’, ‘वटपौर्णिमेला मी बाहेर होते ना, तेव्हा’. सिस्टर भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं मागे उलटतात आणि तारीख काढतात. महिनाभर चुकलं तर पाचव्या महिन्याच्या बाईला चौथ्याचं ऐकायला मिळतं आणि तिचा विश्वास उडतो. बाळंतपण झाल्यावर तर लगेच कळवावं लागतं, नाहीतर मांडीवर बाळ घेतलेल्या बाईला फोनवरचा आवाज ‘दवाखान्यात जायची पिशवी भरून ठेवा’ सांगत बसतो. आणि पहिल्या सात दिवसांचे रोजचे निरोप हुकतात ते वेगळंच. नवजात बाळाला सर्वांत जास्त धोका याच दिवसांत. म्हणून मिस्ड कॉल. एक मिस्ड कॉल द्यायचा, पैसे लागत नाहीत, उलट फोन येतो आणि बाई सांगते, ‘झालं हो, मुलगी आहे.’ फोन लावणाऱ्या ताया हे ऐकून एकमेकींना सांगतात. दिवसातून कितीदा तरी.

पण प्रत्येक फोन असा नसतो. मला या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड, आणि सर्वांत जपायला हवं असं काही वाटत असेल तर ते म्हणजे फोन थांबवणं. गर्भ पडतो. बाळ पोटात जातं. जन्मून दोन दिवसांत जातं. यंत्राला हे कुणी सांगितलं नाही तर ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, तिनेच निवडलेल्या दुपारी दोनला फोन करतं आणि तिच्या न राहिलेल्या बाळाच्या लशीची आठवण करून देतं. याच्याइतकं क्रूर काही असू शकत नाही. यात कुणाची दुष्टबुद्धी नसते, आणि तरीही ते घडू द्यायचं नसतं. मी ज्या डेस्कवर बसले तिथे एक नियम होता. असा फोन आला की बाकी सगळं बाजूला. त्याच मिनिटाला त्या नंबरचे पुढचे सगळे निरोप बंद करायचे, आणि बंद झाल्याची खात्री करूनच फोन ठेवायचा. ‘का झालं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ‘तुमची तब्येत कशी आहे? अंगावरून जास्त जातंय का? ताप आहे का?’ हे विचारायचं. कारण बाळ गेल्यावर त्या बाईकडे बघायचं सगळ्यांच्याच लक्षातून जातं, आणि तिच्या जिवाला त्या दिवसांत तितकाच धोका असतो. एक ताई म्हणाली होती, ‘त्या बाईला बाळंतपणानंतर तब्येत विचारणारी मीच पहिली होते. चौथा दिवस होता.’

लाखो बायकांना फोन जातो तेव्हा त्यातल्या कितीतरी हळूहळू ऐकणं सोडून देतात. कुणाचा नंबर बदलतो, कुणाला कंटाळा येतो, कुणाच्या घरी कटकट होते. त्यांना माणसाने फोन करून विचारपूस केली तर काही जणी परत येतात. पण फोन करणाऱ्या मोजक्या आणि गळणाऱ्या हजारो. कुणाला करायचा? ‘अरमान’ने हा प्रश्न गूगल रिसर्चच्या भारतातल्या गटापुढे ठेवला. प्रा. मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे गणित बांधलं त्याला पुढे ‘सहेली’ हे नाव मिळालं. निरोप निदान अर्धा मिनिट ऐकला तर ‘ऐकतेय’, नाहीतर ‘तुटतेय’ असं धरायचं, आणि प्रत्येकीबाबत विचारायचं की हिला माणसाचा फोन गेला तर फरक पडेल का. कारण काही जणी फोन न करताही ऐकत राहतात आणि काही कितीही फोन केले तरी येत नाहीत. मधल्यांना हेरायचं. सुमारे २३,००० बायकांवर सात आठवडे हे करून पाहिलं. एका गटाला विचारपुशीचे फोन केलेच नाहीत, एका गटात पाळीपाळीने केले, एका गटात गणिताने निवडून केले. निवडून केलेल्या गटात गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. पाळीपाळीने केलेल्या गटात मात्र, अजिबात फोन न केलेल्या गटाच्या मानाने, म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. फोनवर बोलणाऱ्या ताया त्याच, त्यांची माया तीच. फक्त योग्य दारावर पाठवलं. यंत्राच्या बुद्धीचा याहून नेमका उपयोग मी तरी पाहिलेला नाही, कारण इथे ती माणसाच्या जागेवर बसली नाही, तिने माणसाचा वेळ वाचवला.

हे सगळं करून उपयोग किती होतो? या प्रश्नाला बगल देणं मला पटत नाही. मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत ‘किलकारी’ची मोठी चाचणी झाली, पाच हजारांहून जास्त बायका घेऊन, रीतसर चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध देण्यात एकूण फरक पडला नाही. पाळणा लांबवण्याची आधुनिक साधनं वापरण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांनी वाढलं, आणि ज्यांनी निम्म्याहून जास्त निरोप ऐकले त्यांच्यात आणखी जास्त. मला यात निराशा दिसत नाही. आठवड्याला दोन मिनिटांच्या आवाजाने, जिथे निम्म्याहून जास्त बायकांकडे स्वतःचा फोन नव्हता अशा मुलखात, घरातला सर्वांत नाजूक निर्णय हलवला. आणि ज्यांच्या कानी जास्त पडलं त्यांच्यात जास्त हलवला. म्हणजे पुन्हा तेच, फोन कुणाच्या खिशात.

आता महाराष्ट्रात ‘किलकारी’ मराठी बोलते, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मेळघाटात कोरकू बोलणारी बाई आहे, नंदुरबारच्या डोंगरात पावरा आणि भिली बोलणारी आहे, भामरागडला माडिया बोलणारी आहे. आणि बाळ दगावण्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो त्या याच मुलखांतल्या. तिथे फोनला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, आणि रेंज मिळून फोन लागलाच तर पलीकडची मराठी तिला शाळेतल्या मास्तरांची वाटते. हे निरोप त्या भाषांत रेकॉर्ड करायला हवेत, आणि आवाजासाठी लांब जायची गरज नाही. धारणीच्या, धडगावच्या पाड्यांवर फिरणाऱ्या आशाताया ही भाषा बोलतात, हीच माहिती रोज याच शब्दांत सांगतात. त्यांना माइकपुढे बसवा, त्यांना मानधन द्या, आणि संहिता मुंबई-पुण्यात लिहून त्यांच्याकडे धाडण्याऐवजी त्यांनाच आधी बोलू द्या. रेंज नाही तिथे तोच आवाज त्यांच्या फोनमध्ये भरून द्या, म्हणजे बिहारच्या कुंजीसारखा तो घरात बसून ऐकवता येईल. यातलं काहीही नवं शोधायचं नाही. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात तेवढी तरतूद हवी.